परिचारिकेची रजा



गेल्या दिवाळींत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं सकाळीं, आमच्या शेजारची मुलगी घरींच दिसली. ती एका रुग्णालयांत परिचारिका आहे व त्या दिवशीं तिची दुपारची पाळी आहे, हें मला ठाऊक होतें. "वा, सणाला बरी रजा मिळाली!" असें मी सहज बोलून गेलों. तिची आई म्हणाली, "मास्तर, रात्रभर ताप आहे तिला. येत नाहीं म्हणून फोन केला, आणि तेव्हांपासून रडत बसली आहे." मुलीचें म्हणणें एवढेंच होतें, "सणाच्या दिवशींच आजारी पडलें, हें खरें कोण मानील? आणि माझ्याऐवजीं आज जिला थांबावें लागेल, तिच्याही घरीं पूजा आहेच कीं!"

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. सुटीला लागून पोट दुखल्याच्या चिठ्ठ्या शाळेंत मीं पुष्कळ वाचल्या होत्या. तोच जुना संशय नकळत जिभेवर आला होता. परंतु जिचा अपराध नाहीं, तिला अपराधी कां वाटावें, हा प्रश्न मनांतून जाईना. त्याचें उत्तर इतिहासांत शोधूं गेलों; जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

युरोपांत रुग्णशुश्रूषेची परंपरा बव्हंशीं मठांतून वाढली. तेथें शुश्रूषा हें व्रत होतें, आणि व्रताला रजा नसते. इ. स. १८५४ च्या नोव्हेंबरांत क्रिमियन युद्धांतील इंग्रज सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारी येथें पोहोंचल्या. त्यांच्याबरोबर गेलेल्या ३८ स्त्रियांपैकीं २४ जणी धर्मसंस्थांतून आलेल्या होत्या. रुग्णालयांत पगारी काम केलेल्या अवघ्या १४. आजही आपण पगारी परिचारिकेला 'सिस्टर' म्हणून हांक मारतों, ती त्या जुन्या नात्याचीच खूण होय. पुढें १८६० मध्यें लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत नाइटिंगेलबाईंच्या नांवाची शाळा निघाली व शुश्रूषा हा शिकून करावयाचा, वेतन घेऊन करावयाचा व्यवसाय झाला. व्यवसाय आला, पण व्रताची भाषा कांहीं गेली नाहीं. परिचारिका घेतात ती 'नाइटिंगेल-शपथ' देखील बाईंनीं लिहिलेली नव्हे. ती १८९३ मध्यें अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं तयार झाली. त्यांच्या नांवावर चढलेला त्यागाचा बोजा असा कांहीं अंशीं मागाहून चढलेला आहे.

बाई स्वतः आजारी पडल्या नाहींत काय? पडल्या, आणि भर युद्धांत पडल्या. १८५५ च्या मे महिन्यांत त्या बालाक्लाव्हा येथें गेल्या असतां त्यांना तीव्र ताप आला व प्राणावर बेतलें. मायदेशीं परतावें, असा सल्ला मिळाला. तो न मानतां त्या स्कुटारीला परत आल्या आणि १८५६ च्या ऑगस्टपर्यंत इंग्लंडला गेल्या नाहींत. पुढें १९१० सालीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. परंतु १८५७ नंतरचीं कितीतरी वर्षें त्यांनीं खोलींतच, बहुधा बिछान्यावर काढलीं. तो मूळचा ताप ब्रुसेलोसिस या जुनाट होणाऱ्या रोगाचा असावा, असा अलीकडच्या कांहीं वैद्यकतज्ज्ञांचा तर्क आहे.

कोणी म्हणेल, "पाहा, आजारांतही त्या हटल्या नाहींत!" खरें आहे. पण सैनिक वांचले ते कशानें? १८५५ च्या फेब्रुवारींत स्कुटारीच्या रुग्णालयांत शंभरामागें सुमारें ४२ रुग्ण दगावत होते. मार्चमध्यें इंग्लंडहून आरोग्यमंडळ आलें. त्यानें गटारें उपसलीं, पाणी शुद्ध केलें, हवा खेळती केली. आणि जूनपर्यंत तें प्रमाण शंभरामागें दोनांच्या आसपास उतरलें. एका स्त्रीच्या जागरणाहून व्यवस्थेच्या दुरुस्तीनें अधिक जीव वांचविले. खुद्द बाईंनीं पुढें जन्मभर आंकडे मांडून हाच धडा राज्यकर्त्यांना दिला.

याहून मौजेची गोष्ट त्यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या १८५९ सालीं लिहिलेल्या छोट्या पुस्तकांत आहे. त्यांत एक संबंध प्रकरण व्यवस्थेवर आहे. आपल्यावांचून सर्व अडेल याचा कित्येकांना अभिमान वाटतो, असें सांगून बाई म्हणतात कीं, खरा अभिमान याच्या उलट गोष्टीचा असावा. आपण आजारी पडलों वा दूर गेलों, तरी काम दुसऱ्याच्या हातीं सोंपवितां यावें, तें यथास्थित चालावें आणि आपली उणीव कोणास भासूं नये, अशी घडी आपण बसवावी. जिच्या नांवानें परिचारिकांना न थकण्याचा उपदेश केला जातो, तिनेंच परिचारिकेच्या आजाराची सोय आधींच करून ठेवावी असें लिहिलें आहे!

आपल्याकडे त्यागाचीं उदाहरणें थोडीं नाहींत. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं पुण्याबाहेर आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यांत रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं देह ठेविला. त्या स्मृतीपुढें मस्तक नम्र होतें. परंतु ज्यांना हात लावावयास कोणी धजत नव्हतें, त्यांच्यासाठीं सावित्रीबाई धांवल्या. असा प्रसंग निराळा आणि वर्षाच्या तीनशें पासष्ट दिवसांची पाळीची वही निराळी. संकटांतील पुण्याईवर रोजचा कारभार चालविणें, हा त्या पुण्याईचा दुरुपयोग होय.

आणि ही वही पहिल्यापासूनच अपुरी आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं अहवाल दिला, तेव्हां ब्रिटिश हिंदुस्थानांत परिचारिका होत्या सुमारें ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागें एक. जेथें मुळांतच माणसें कमी, तेथें एकीची गैरहजेरी म्हणजे दुसरीवर दुहेरी पाळी. गैरव्यवस्थेचा भार असा मैत्रिणीच्या पाठीवर पडतो, म्हणून तो आजारी परिचारिकेला स्वतःचें पाप वाटूं लागतो. तिचें मन कोमल आहे, हा तिचा दोष नव्हे. पण तो हिशेब चुकीच्या खात्यावर मांडलेला आहे.

शिवाय, नाइटिंगेलबाईंच्या तरुणपणीं रोगजंतूंची उपपत्ति प्रस्थापित झालेली नव्हती. आज ती शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, तेव्हां ताप असलेल्यानें कामावर न येणें हेंच कर्तव्य ठरलें. ज्वर अंगावर काढून अशक्त रुग्णाच्या उशाशीं उभें राहणें, ही सेवा नव्हे. त्या दिवशीं घरीं राहणें हाच शुश्रूषेचा एक भाग आहे.

आमच्या शेजारच्या मुलीला मीं हें सर्व सांगितलें. ती ऐकून हंसली. पुरतें पटलें असेल असें नाहीं. पुढें संक्रांतीला, दिवाळींत आपल्याऐवजीं थांबलेल्या सहकारिणीची पाळी तिनें आपण होऊन मागून घेतली. दोघींचा हा व्यवहार सुंदर आहे. पण रुग्णालय चालविणाऱ्यांनीं अशा सौजन्यावर विसंबून राहूं नये. सणावारीं आजारी पडणाऱ्या माणसासाठीं चार नांवें अधिक ठेवावीं. आणि तुम्हीं आम्हीं निदान एवढें करावें, कीं सणाच्या दिवशीं परिचारिका घरीं दिसली, तर "बरी रजा मिळाली" असें म्हणण्यापूर्वीं "प्रकृति कशी आहे?" असें विचारावें. मी तें विचारावयास चुकलों होतों.