एक लिपी, दोन दिशा : भारती ब्रेल आणि शेजारची शाळा

दृष्टिहीन मुलाच्या शिक्षणाचा विचार आपल्या समाजात दीर्घकाळ पाठांतरापाशी थांबला होता. मुस्लिम घरातील असा मुलगा हिफ्जला बसवला जाई आणि हाफिज म्हणून मान मिळवी. विदर्भात गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) बालपणीच दृष्टी गमावूनही केवळ श्रवणाच्या बळावर विपुल ग्रंथरचना केली. या परंपरांविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ऐकून शिकणाऱ्याला वाचून दाखवणारा माणूस लागतो, आणि मुलींच्या वाट्याला असा माणूस क्वचितच येई.

स्वतः वाचण्याची सोय प्रथम मिशनरी शाळांतून झाली. १८८७ मध्ये अॅनी शार्प यांनी अमृतसरला, तर १९०० मध्ये अॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंधशाळा काढली. अलीगढला साहिबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये अहमदी स्कूल उभे राहिले. परंतु ब्रेलचे संकेत प्रांतोप्रांती निराळे होते. एका शाळेत छापलेले पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाच्या बोटांना परकेच. १९४९ मध्ये भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे नेला. सर क्लूथा मॅकेन्झी हे त्या कामातले सल्लागार होते. १९५१ मध्ये भारती ब्रेल मान्य झाली आणि देहरादूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना आला.

भारती ब्रेलचे तत्त्व साधे आहे : ध्वनी एक, तर आकृतीही एक. मराठीचा ‘क’ आणि उर्दूचा ‘काफ’ हे दोन्ही पहिल्या आणि तिसऱ्या टिंबाने लिहिले जातात. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते. ब्रेलमध्ये ‘कि’ लिहिताना आधी क, मग इ. म्हणजे उच्चाराचा क्रम तोच लेखनाचा क्रम. जोडाक्षरात मात्र हलन्ताची खूण व्यंजनाच्या आधी येते, हे विद्यार्थ्याला थोडे अडखळवते. उर्दूसाठी जाल, जे, ज्वाद आणि जोय यांना वेगवेगळ्या आकृत्या आहेत, म्हणून इम्ला शाबूत राहतो.

वाचनाची दिशा डावीकडून उजवीकडे, उर्दूचीसुद्धा. यावर काही बुजुर्ग नाराज होतात. त्यांनी पाटी व टोच्या घेऊन लिहिणारा मुलगा पाहावा. तो उजवीकडून डावीकडे टिंबे टोचत जातो आणि कागद उलटून डावीकडून वाचतो. लिहिताना उर्दूची चाल, वाचताना मराठीची! मला तर हे फार लोभस वाटते.

आता शाळेकडे वळू. १९७४ पर्यंत शासकीय विचार मुख्यतः निवासी विशेष शाळांचाच होता. त्या वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंत्रालयाने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. १९८२ मध्ये ती शिक्षण खात्याकडे गेली. हे हस्तांतर कागदी वाटले तरी मोठे आहे, कारण दयेचा विषय शिक्षणाचा झाला. पुस्तके, गणवेश, प्रवासखर्च, दृष्टिहीनांसाठी वाचक भत्ता, आणि १९९२ च्या सुधारित योजनेत आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक अशा तरतुदी होत्या. पुढे १९९५ चा आणि २०१६ चा असे दोन कायदे झाले. २०१६ च्या कायद्याने ब्रेल व सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक प्रशिक्षित करून नेमण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा, तर माध्यमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिले.

या सर्व तरतुदींत शिक्षकांची संख्या मोजली जाते. त्यांची भाषा मोजली जात नाही. हिंदी वा मराठी ब्रेल शिकलेला शिक्षक उर्दू शाळेत आला, तर काफ तो ओळखेल. ज्वाद आणि जोय यांच्यापाशी थांबेल. मग मूल एकतर माध्यम बदलते, किंवा मागच्या बाकावर बसून नुसते ऐकते. म्हणजे पुन्हा पाठांतर. वास्तविक सहा टिंबांच्या एकूण आकृत्या त्रेसष्ट. उर्दू जाणणाऱ्या शिक्षकाला त्या डोळ्यांनी वाचायला शिकणे अवघड नाही. आपल्यासारख्या संस्थांच्या अध्यापक विद्यालयांनी एका सत्रात आठवड्याला दोन तासिका यासाठी राखून ठेवाव्यात. पाटी, टोच्या आणि जाड कागद एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे.