जुना कोड, नव्या सवयी : नेटस्केप ते फायरफॉक्स (१९९८–२००४)

१/ ३१ मार्च १९९८. कॅलिफोर्नियातील नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड जगासाठी खुला केला. पुढील सहा वर्षांचा इतिहास एका जीर्ण प्रणालीच्या पुनर्बांधणीचा आहे. तितकाच तो ती बांधणाऱ्यांच्या बदललेल्या कार्यपद्धतीचाही आहे.

२/ १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटरने अल्पावधीत बाजारपेठ काबीज केली. मायक्रोसॉफ्टने मात्र इंटरनेट एक्सप्लोरर विनामूल्य दिला आणि विंडोजशी जोडला. अखेर जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपनेही आपला ब्राउझर विनामूल्य केला आणि कोड खुला करण्याचा निर्णय जाहीर केला. ‘मोझिला’ प्रकल्पाचा उगम या निर्णयात आहे.

३/ खुला झालेला कोड स्पर्धेच्या घाईत वाढलेला होता. ब्राउझर, ईमेल आणि पान तयार करण्याचे साधन एकमेकांत गुंतलेले होते. शिवाय इतर कंपन्यांच्या मालकीचे भाग आणि, अमेरिकी निर्यात निर्बंधांमुळे, सांकेतिकरणाचा भाग आधीच काढून टाकावा लागला होता. बाहेरच्या स्वयंसेवकांना त्यात हात घालणे कठीण गेले.

४/ ऑक्टोबर १९९८ मध्ये निर्णायक वळण आले. वेबपान पडद्यावर मांडणाऱ्या जुन्या भागाची डागडुजी चालू होती. ती सोडून ‘गेको’ हे नवे इंजिन आणि त्याभोवती जवळजवळ संपूर्ण ब्राउझर नव्याने लिहिण्याचे ठरले.

५/ याची किंमत जबर होती. चौथी आवृत्ती जून १९९७ची. पाचवी कधी आलीच नाही. सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये, तीही संथ आणि अस्थिर. दरम्यान कंपनी एओएलने विकत घेतली होती. प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी जेमी झविन्स्की यांनी एप्रिल १९९९ मध्येच राजीनामा दिला.

६/ एप्रिल २००० मध्ये जोएल स्पोल्स्की यांनी या निर्णयावर प्रखर टीका केली. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा : जुना कोड कुरूप दिसतो, कारण त्यात वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या साठलेल्या असतात. तो फेकणे म्हणजे कष्टाने मिळवलेले ज्ञान फेकणे.

७/ पण याच काळात दुसरे, कमी चर्चिले गेलेले काम चालू होते. ‘बगझिला’मध्ये प्रत्येक दोषाला क्रमांक मिळाला आणि बहुतेक नोंदी कोणालाही वाचता येऊ लागल्या. चूक ही झाकण्याची नव्हे, नोंदवण्याची गोष्ट ठरली.

८/ दुसऱ्याने तपासल्याशिवाय बदल स्वीकारायचा नाही, हा नियम रुजला. ‘टिंडरबॉक्स’ ही व्यवस्था कोड सतत जुळवून पाही आणि कुठे मोडतोड झाली ते सर्वांना दाखवी. त्यावर लक्ष ठेवायला पाळीपाळीने एक ‘शेरीफ’ नेमला जाई. कोड मोडलेला असेल तर नवे बदल थांबत.

९/ मोझिला १.० जून २००२ मध्ये आला, तोवर इंटरनेट एक्सप्लोररने बाजार जवळपास पूर्ण व्यापला होता. त्याच वर्षी डेव्ह हायट, ब्लेक रॉस आणि काही सहकाऱ्यांनी ‘फिनिक्स’ सुरू केला. या वेळी सर्व काही पुन्हा लिहिले गेले नाही. गेको तसेच ठेवून ईमेलसारखी जोडकामे वगळली आणि केवळ ब्राउझर घडवला.

१०/ जुलै २००३ मध्ये एओएलने नेटस्केपचा ब्राउझर विभाग गुंडाळला. प्रकल्प मात्र नव्या मोझिला फाउंडेशनकडे गेला. दोषांची नोंदवही खुली होती, तपासणीचे नियम लिखित होते, कोड सर्वांपाशी होता. त्यामुळे कंपनी गेली तरी काम थांबले नाही.

११/ ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० प्रसिद्ध झाला. वर्षभराच्या आत तो १० कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झाला. पुढे स्वयंसेवकांच्या अनुवादामुळे तो मराठीतही आला.

१२/ पुनर्लेखन ही चूक होती काय? नेटस्केप या कंपनीपुरते उत्तर बहुधा होकारार्थी आहे; बाजार तिची वाट पाहत थांबला नाही. पण केवळ नव्या कोडमुळे फायरफॉक्स घडला, असेही म्हणता येत नाही. तोच नवा कोड २००० मध्ये अपयशी ठरला होता. मधल्या चार वर्षांत त्याला स्थैर्य दिले ते एकमेकांचे काम तपासण्याच्या आणि चुका उघड मांडण्याच्या सवयीने.