वायुप्रवाहरोध, ध्वनिशोषक पदार्थांचा
वायुप्रवाहरोध, ध्वनिशोषक पदार्थांचा : नमदा, काचतंतू, खनिज लोकर यांसारख्या सच्छिद्र पदार्थांतून हवा जाताना तिला होणारा विरोध. नमुन्याच्या दोन्ही बाजूंवरील दाबांतील फरकास हवेच्या वेगाने भागले असता विशिष्ट प्रवाहरोध (पास्काल-सेकंद प्रतिमीटर) मिळतो व त्यास जाडीने भागले असता प्रवाहरोधकता मिळते. पूर्वीचे ‘रेल’ हे एकक लॉर्ड रॅली यांच्या नावावरून रूढ झाले.

या मापनाचे मूळ जलविज्ञानात आहे. फ्रान्समधील दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासंबंधी आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, वाळूतून मंद गतीने जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह दाबातील फरकाच्या प्रमाणात असतो, असे आढळले. हवेलाही हा नियम लागू पडतो. अरुंद छिद्रांत श्यानता व उष्णतासंवहन यांमुळे ध्वनिऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते, हे रॅली यांनी १८८३ मध्ये सच्छिद्र पदार्थांच्या संदर्भात मांडले.

डब्ल्यू. सी. सॅबिन यांनी १८९५ पासून हार्व्हर्ड विद्यापीठात आसनांवरील गाद्यांच्या साहाय्याने ध्वनिशोषणाचे मापन केले. परंतु त्यासाठी संपूर्ण दालन लागे व शोषण किती हे कळले, तरी ते कशामुळे हे कळत नसे. आर्. एल्. ब्राउन व आर्. एच्. बोल्ट यांनी १९४२ मध्ये प्रवाहरोधाच्या मापनपद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यामुळे लहान नमुन्यावरून पदार्थ पारखणे शक्य झाले.

ध्वनीत हवा मागेपुढे आंदोलन पावते. मग एकाच दिशेने वाहणाऱ्या हवेवरून तिचा विरोध कसा ठरवावा, हा मुख्य प्रश्न होता. वेग अत्यल्प ठेवणे हे त्याचे उत्तर होय. ८० डेसिबेल ध्वनीत दाब ०·२ पास्काल व हवाकणांचा वेग सेकंदाला सु. ०·५ मिमी. असतो. वेग वाढल्यास जडत्वाच्या परिणामामुळे रोध वाजवीपेक्षा अधिक दिसतो. मात्र १०,००० पास्काल-सेकंद प्रतिचौरस मीटर रोधकतेच्या ५ सेंमी. जाड थरात या वेगाला दाबातील फरक केवळ ०·२५ पास्काल, म्हणजे पाण्याच्या सु. ०·०२५ मिमी. उंचीच्या स्तंभाइतका असतो. तो मोजणे कठीण असल्याने अधिक वेगांना मापने घेऊन आलेख मागे वाढवितात. १९९१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात (आयएसओ ९०५३) स्थिर प्रवाहाबरोबरच दट्ट्याने निर्माण केलेल्या आंदोलित प्रवाहाची पद्धतही देण्यात आली. २०१८ व २०२० मध्ये त्यांचे स्वतंत्र भाग प्रसिद्ध झाले.

ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील एम्. ई. डिलेनी व ई. एन्. बॅझ्ली यांनी १९७० मध्ये तंतुमय पदार्थांचे ध्वनिकीय गुणधर्म प्रवाहरोधकतेवरून काढण्याची अनुभवजन्य सूत्रे दिली. ती विशिष्ट मर्यादेतच लागू पडतात. रोध फार कमी असल्यास ध्वनी थरातून पार जाऊन मागील भिंतीवरून परततो. फार जास्त असल्यास पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो. थर्मोकोलसारख्या बंद कोशिकांच्या पदार्थांतून हवा जवळजवळ जातच नाही. म्हणून ते उत्तम उष्णतानिरोधक असूनही ध्वनी फारसा शोषीत नाहीत.