विरल मृत्तिका : भारतातील पुरवठा व टंचाई

लँथॅनम ते ल्युटेशियम ही पंधरा मूलद्रव्ये आणि त्यांच्याशी रासायनिक साधर्म्य असलेली स्कँडियम व यट्रियम यांचा गट. भूकवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतके आहे. तथापि ही मूलद्रव्ये एके ठिकाणी क्वचितच एकवटलेली सापडत असल्यामुळे, आणि त्यांचे गुणधर्म परस्परांशी इतके मिळतेजुळते असल्यामुळे की एकातून दुसरे काढण्यास द्रावक-निष्कर्षणाची क्रिया पुनःपुन्हा, अनेकानेक टप्प्यांत करावी लागते, निओडिमियम वा डिस्प्रोसियमची टंचाई ही मुख्यत्वे विलगीकरणाची टंचाई होय. 2024 मध्ये जगातील सुमारे 3,90,000 टन ऑक्साइडांपैकी सुमारे 2,70,000 टन चीनचे होते, भारताचे जेमतेम 2,900. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीस परवान्याची अट घातली.

मोनाझाइट : विरल मृत्तिकांचे भारतातील प्रमुख खनिज. त्रावणकोरातून जर्मनीस जाणाऱ्या काथ्यास चिकटलेल्या वाळूवरून शोम्बर्ग या रसायनज्ञास 1909 मध्ये मनवलकुरिचीचा साठा उमगला, असे सांगतात. त्याकाळी मोल होते ते मोनाझाइटमधील थोरियमला, कारण गॅसबत्तीची जाळी थोरियम नायट्रेटात भिजवून करीत. विरल मृत्तिका हा मागे उरणारा जिन्नस. ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही सरकारी कंपनी 18 ऑगस्ट 1950 रोजी स्थापन झाली, 1952 मध्ये केरळात आळवे येथे तिचा कारखाना निघाला आणि तेथील थोरियमयुक्त लगद्यासाठी 1955 मध्ये तुर्भ्यास (ट्रॉम्बे) थोरियम संयंत्र उभे राहिले. कंपनीचे मुख्य दप्तर आजही मुंबईत प्रभादेवीस आहे. थोरियममुळे मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली विहित द्रव्य ठरले व खाजगी मक्तेदारांस ते हाताळण्याची मुभा राहिली नाही. साठ्यांचे रक्षण त्यामुळे झाले, हे निःसंशय. मात्र विलगीकरणाची विद्या देशात का रुजली नाही, याविषयी मतभेद आहेत.

महाराष्ट्र : रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटयुक्त वाळू आहे, मोनाझाइट नाममात्र.

मीरा-भाईंदर : ठाणे जिल्ह्यातील महानगरपालिका (2002), लोकसंख्या 8,09,378 (2011). येथे विरल मृत्तिका येतात त्या तयार यंत्रांच्या पोटातून. संगणकाची हार्ड डिस्क उघडली असता वाचनशीर्ष हलविणाऱ्या भुजेपाशी, पोलादी पट्टीवर बसविलेले, निकेलचा मुलामा दिलेले, चंद्रकोरीच्या घाटाचे निओडिमियम चुंबक दिसतात. ते इतके ठिसूळ असतात की उचकटताना तुकडे पडतात. भंगारात ॲल्युमिनियमचे कवच व विद्युत्फलक वेगळे काढले जातात, पट्टीसकट चुंबक मात्र बहुधा लोखंडात जातो आणि भट्टीत त्यातील निओडिमियम मळीबरोबर कायमचे नष्ट होते. ही हानी शहराशहरांतून होत असून खाणीच्या प्रश्नाहून ती अधिक गंभीर मानली पाहिजे. विरल मृत्तिकांच्या जागतिक मागणीपैकी ई-कचऱ्यातून भागते ती अवघी एक टक्का. भारताच्या 2022 च्या ई-कचरा नियमांत पुनर्प्राप्तीच्या प्रमाणपत्रांची तजवीज झाली, ती प्रथम सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम या चार धातूंपुरती.