मध्य-इंजिनाची छोटी स्पोर्ट्स कार : दुरुस्तीसाठी जुनी गाडी निवडताना

आसनांच्या मागे, परंतु मागील चाकांच्या आसाच्या पुढे इंजिन बसविलेल्या मोटारीला मध्य-इंजिनाची मोटार म्हणतात. फेरारी आणि लॅम्बोर्गिनी यांच्या महागड्या गाड्यांमुळे ही रचना जगभर ठाऊक झाली. मात्र १९७० च्या दशकापासून पुढील तीस-पस्तीस वर्षांत इटली, जर्मनी, जपान, अमेरिका आणि ब्रिटन येथील कारखान्यांनी सामान्य पगारदाराच्या आवाक्यातल्या, दोन आसनांच्या अशा छोट्या गाड्याही लाखोंच्या संख्येने तयार केल्या. त्यांपैकी रस्त्यावर आलेली अखेरची गाडीही आता जुनी झाली आहे. हौशी मंडळी अशी नादुरुस्त गाडी विकत घेतात आणि फावल्या वेळात, बऱ्याचदा घरच्या गॅरेजमध्येच, तिची पुनर्बांधणी करतात. अशा गाडीला ‘प्रोजेक्ट कार’ हे नाव रूढ आहे.

विक्रीस येणाऱ्या अशा अनेक गाड्या म्हणजे दुसऱ्या कोणीतरी अर्ध्यावर सोडलेले काम असते. इंजिन खोक्यांत भरलेले, दारे भिंतीला टेकवून ठेवलेली आणि मालकाची काही वर्षे व बरीचशी बचत खर्ची पडलेली, असे दृश्य या क्षेत्रात नवीन नाही. काम अडते ते बहुधा कौशल्याच्या अभावी नव्हे, तर निवड चुकल्यामुळे. बंद पडलेले इंजिन बदलता येते. गंजून पोकळ झालेला सांगाडा मात्र गाडीच्या किमतीहून अधिक पैसा गिळतो. इंजिनाकडे आधी पाहण्याचा मोह आवरणे, ही या निवडीतील पहिली पायरी होय.

रचनेचा लाभ आणि धोका

कावडीच्या दोन टोकांना भरलेल्या घागरी टांगून वळणाऱ्या माणसाला वळायला वेळ लागतो आणि एकदा वळू लागला की थांबायलाही वेळ लागतो. तेवढेच वजन कमरेशी धरले, तर तो चटकन वळतो. इंजिन गाडीच्या मध्याजवळ आणल्याने नेमके हेच साधते. शर्यतींच्या जगाने हे १९५८ मध्ये पाहिले. त्या वर्षी अर्जेंटिनाच्या ग्रां प्री शर्यतीत स्टर्लिंग मॉस यांनी कूपर कंपनीच्या छोट्या मध्य-इंजिन गाडीतून विजय मिळविला. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबहॅम यांनी कूपरच्याच गाडीतून विश्वविजेतेपद पटकावले आणि पुढे काही वर्षांतच पुढे इंजिन असलेल्या गाड्या फॉर्म्युला वनमधून हद्दपार झाल्या. रस्त्यावरील वापरासाठी ही रचना फ्रान्समधील रेने बोने यांच्या ‘जेट’ या छोट्या गाडीने १९६२ मध्ये आणली.

चटकन वळणारी गाडी चटकन फिरतेही. वेगात वळण घेताना चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर भार पुढच्या चाकांवर जातो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि सावरण्याची संधी मिळण्यापूर्वी गाडी गिरकी घेते. जुने, कडक झालेले टायर आणि झिजलेले सस्पेन्शन असेल तर हा धोका वाढतो.

घरगुती मोटारीचे इंजिन

फियाट १२८ ही पुढील चाकांना गती देणारी कौटुंबिक मोटार १९६९ मध्ये बाजारात आली. तिचे आडवे बसविलेले इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांकडे जाणारे दांडे हा सारा एकच सुटसुटीत संच होता. हा संच उचलून आसनांच्या मागे ठेवला, की फारशी नवी यंत्रसामग्री न बनविता मध्य-इंजिनाची गाडी तयार होते. फियाटची एक्स १/९, टोयोटाची एमआर२, अमेरिकेतील पाँटिअ‍ॅक फिएरो आणि ब्रिटनमधील एमजीएफ या चारही गाड्यांमागे हीच युक्ती आहे. त्यांची इंजिने साध्या घरगुती मोटारींशी नाते सांगणारी असल्याने यांत्रिक सुटे भाग तुलनेने सहज मिळतात. याउलट, पत्र्याचे भाग, काचा, रबरी पट्ट्या आणि आतील प्लास्टिक केवळ त्याच गाडीचे असते आणि तेच दुर्मिळ होत जाते. म्हणून सर्व भाग जागेवर असलेली, पण इंजिन बिघडलेली गाडी ही उत्तम इंजिनाच्या पण निम्मे भाग हरवलेल्या गाडीपेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला सौदा ठरते.

फियाट एक्स १/९

मुंबईकरांना फियाट म्हटले की प्रीमियर पद्मिनी आठवते. त्याच कंपनीची १९७२ मध्ये आलेली एक्स १/९ मात्र अगदी निराळ्या कुळातली. तिची पाचरीसारखी आकृती बेर्तोने या संस्थेत मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखाटली. लॅम्बोर्गिनीच्या मिउरा आणि काउंटॅक या गाड्याही त्यांच्याच. आरंभी १,२९० घनसेंटिमीटरचे आणि १९७८ पासून १,४९८ घनसेंटिमीटरचे इंजिन व पाच गिअर तिला मिळाले. छताचा मधला भाग काढून पुढच्या सामानकक्षात ठेवता येतो आणि मागेही सामानासाठी वेगळी जागा आहे. १९८२ पासून ती बेर्तोने या नावाने विकली गेली व १९८९ मध्ये उत्पादन थांबले.

शक्ती बेताची आणि वजन कमी असल्यामुळे ही गाडी चालविण्याचे शिक्षण फार चांगले देते, हे तिचे मोठेपण. तिचा शत्रू गंज. मागील सस्पेन्शनचे वरचे टोक ज्या पत्र्याला जोडलेले असते ती जागा, दारांखालचे उंबरे, तळ आणि पुढील काचेचा पाया येथे तो प्रथम दिसतो. सस्पेन्शनच्या जोडाजवळचा पत्रा कुजला असेल, तर ती गाडी सुट्या भागांसाठीच घ्यावी.

पोर्श ९१४

पोर्श आणि फोक्सवॅगन यांनी मिळून १९६९ मध्ये ही गाडी आणली आणि १९७६ पर्यंत तिच्या सुमारे एक लाख अठरा हजार प्रती निघाल्या. बहुतांश गाड्यांत फोक्सवॅगनचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन आहे. सहा सिलिंडरच्या ९१४/६ ची संख्या साडेतीन हजारांच्याही आत असल्याने ती संग्राहकांच्या हाती गेली आहे. तेव्हा स्वस्तात मिळणारी सहा सिलिंडरची गाडी दिसली, तर कागदपत्रे व चेसी क्रमांक दोनदा तपासणे बरे.

या गाडीचा रोग तिच्या रचनेतच दडलेला आहे. बॅटरी इंजिनकक्षात उजव्या बाजूला बसविलेली असते. तिच्यातून झिरपणारे आम्ल आणि वरच्या जाळीतून येणारे पावसाचे पाणी खालच्या पत्र्यावर पडत राहते. आधी बॅटरीची ताटली जाते, मग मागील सस्पेन्शनचा आधार आणि शेवटी गाडीचा कणा असलेली लांब पोकळ तुळई. इंग्रजीत हौशी लोकांनी या जागेला नरकाच्या बिळाचे नाव दिले आहे, आणि ते अतिशयोक्त नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. दार आणि मागील पत्रा यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहावे. मग गाडी जॅकवर उचलून तीच फट पुन्हा पाहावी. ती बदलली, तर सांगाडा वाकतो आहे. झिजलेल्या बुशिंगमुळे गिअर शोधत बसावे लागणे हा या गाडीचा दुसरा प्रसिद्ध दोष. तो थोडक्या खर्चात दूर होतो आणि घासाघीस करताना उपयोगी पडतो.

टोयोटा एमआर२

१९८४ मध्ये आलेल्या पहिल्या एमआर२ मध्ये कोरोला कुटुंबातले १,५८७ घनसेंटिमीटरचे, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आहे. ते जोमाने फिरते, टिकाऊ आहे आणि जगभरच्या मेकॅनिकांना परिचित आहे. सुमारे एक टन वजनाच्या या गाडीत विजेची व्यवस्थाही त्या काळच्या युरोपीय गाड्यांपेक्षा विश्वासार्ह. मागील चाकांच्या कमानी आणि उंबरे गंजले नसतील, तर प्रथमच असे काम हाती घेणाऱ्यासाठी हीच सर्वांत शहाणपणाची निवड आहे. अडचण एकच : चांगल्या स्थितीतल्या गाड्या आता फारशा उरलेल्या नाहीत, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांना त्यांची किंमत कळली आहे.

१९८९ मध्ये आलेली दुसरी पिढी अधिक मोठी, जड आणि टर्बो इंजिनासह बरीच वेगवान आहे. आरंभीच्या गाड्या वळणावर अचानक फिरतात अशी टीका झाल्यावर टोयोटाने सस्पेन्शनमध्ये सुधारणा केल्या. या टर्बो गाडीत इंजिनाभोवती हात घालायलाही जागा नाही. साध्या पाइपसाठी अर्धा दिवस मोडतो. १९९९ ची तिसरी पिढी हलकी आणि उघड्या छताची आहे. मात्र तिच्या सुरुवातीच्या इंजिनांना तेल पिण्याची खोड आहे, तसेच एक्झॉस्टमधील पहिल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा भुगा इंजिनात ओढला जाऊन सिलिंडर खराब होण्याचा धोका आहे. गाडी घेण्यापूर्वी तो भाग तपासून घ्यावा.

फिएरो, एमजीएफ आणि जपानी बुटक्या गाड्या

पाँटिअ‍ॅक फिएरो १९८४ ते १९८८ या वर्षांची. तीन लाख सत्तर हजारांहून अधिक संख्येने बनलेली ही गाडी अमेरिकेत आजही मिळते. पोलादी सांगाड्यावर प्लास्टिकची बाह्य आवरणे असल्याने ती वरून निर्मळ दिसते. गंज आतल्या सांगाड्यात असतो. सुरुवातीच्या चार सिलिंडरच्या गाड्यांना आगी लागल्याने कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेलाची पातळी कमी झाल्यावर कनेक्टिंग रॉड तुटणे आणि बाहेर पडलेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर सांडणे, हे त्यामागचे एक कारण होते. सुधारित सस्पेन्शन १९८८ च्या मॉडेलला मिळाले आणि त्याच वर्षी गाडी बंद झाली. तेव्हा शोधायची तर तीच शोधावी.

१९९५ ची एमजीएफ ब्रिटनमध्ये मुबलक आणि स्वस्त आहे. तिच्या इंजिनाची हेड गॅस्केट जाते, तसेच २००२ पूर्वीच्या गाड्यांचे द्रव व वायूवर चालणारे सस्पेन्शन भरण्यासाठी खास पंप लागतो. होंडा बीट आणि गल-विंग दारांची ऑटोझाम एझेड-१ या ६६० घनसेंटिमीटर मर्यादेतल्या जपानी गाड्या पंचवीस वर्षांची अट पूर्ण झाल्याने अमेरिकेत आयात होऊ लागल्या आहेत. एझेड-१ मधील सुझुकीचे छोटे टर्बो इंजिन हे मारुती ८०० च्या इंजिनाचे जवळचे भावंड आहे, हे भारतीय वाचकांना गमतीचे वाटेल. या गाडीचे पत्र्याचे भाग मात्र मिळणे महाकठीण.

पाहणी आणि कामाचा क्रम

पाहणीला जाताना टॉर्च, मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक आणि जुने कपडे एवढे पुरे. चुंबक जिथे चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते. फिएरोच्या प्लास्टिकवर अर्थातच ही परीक्षा लागू नाही. गाडी कोरडी असताना आणि दिवसाउजेडीच पाहावी. पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांत रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने कूलंटचे लांब पाइप गाडीखालून जातात. फिएरोत ते उंबऱ्यांच्या कडेने असल्याने चुकीच्या जागी लावलेल्या जॅकखाली चेपले जातात. या पाइपांत हवा अडकून राहिली, तर दुरुस्त केलेले इंजिनही पहिल्याच फेरीत तापून बिघडू शकते.

गाडी घरी आल्यावर ती सुरू करून पाहण्याची घाई अनेकांना महागात पडते. चालकाच्या पाठीमागेच इंधन आणि तापलेले एक्झॉस्ट एकमेकांजवळ असल्याने पेट्रोलचे सर्व रबरी पाइप व क्लिपा प्रथम बदलाव्यात. आग विझविण्याचे साधन हाताशी ठेवावे. त्यानंतर ब्रेक, मग टायर, मग पत्र्याचे वेल्डिंग. रंग अगदी शेवटी. आधी रंगविलेली गाडी पुढच्या प्रत्येक कामात ओरखडते.

भारतातील स्थिती

वरीलपैकी कोणतीही गाडी भारतात अधिकृतपणे मोठ्या प्रमाणावर विकली गेली नाही. सर्वसाधारण नियमानुसार तीन वर्षांहून जुनी, वापरलेली मोटार देशात आयात करता येत नाही आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे असणे आवश्यक असते. पोर्श ९१४ तर कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगचीच निघाली. पन्नास वर्षांहून जुन्या विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद असून त्यांच्या नोंदणीचे नियम २०२१ मध्ये लागू झाले. त्या वयोमर्यादेत एक्स १/९ आणि ९१४ यांच्या आरंभीच्या गाड्या येतात. एमआर२ आणि फिएरो यांना अजून काही वर्षे बाकी आहेत. त्यामुळे तूर्त हा छंद प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन किंवा जपानमध्ये राहणाऱ्या मराठी हौशींच्याच आवाक्यातला आहे. तेथेही भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी गाडी शोधण्यापूर्वी घरमालकाची परवानगी आणि छप्पर असलेली कोरडी जागा यांची सोय लावून घ्यावी.