पटावरील युद्धखेळ व ऐतिहासिक यथार्थता

मोहऱ्यांच्या साहाय्याने दोन सैन्यांतील झुंजीचा आभास निर्माण करणारे बैठे खेळ. अशा खेळांतून तत्कालीन युद्धपद्धतीचे ज्ञान होते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि मोहऱ्यांची नावे, रूपे आणि चाली या तिन्ही गोष्टी एकाच काळातील असतातच असे नाही. मराठी बुद्धिबळ हे याचे उत्तम उदाहरण होय.

चतुरंग या मूळ भारतीय खेळात हत्ती, घोडा, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे होती. सातव्या शतकातील बाणाच्या हर्षचरितात त्याचा उल्लेख येतो. परंतु तोवर रणांगणावरील रथाचे महत्त्व ओसरले होते. म्हणजे पटाने समकालीन सेनेपेक्षा ग्रंथोक्त सेनाच जतन केली. अल्-बीरूनीने (सु. १०३०) वर्णिलेल्या भारतीय खेळात हत्ती एक घर पुढे किंवा चारही तिरप्या दिशांना एक घर जाई. ही पाच घरे त्याची सोंड व चार पाय यांची निदर्शक मानली जात. चाल येथे प्राण्याच्या आकृतीशी जोडली आहे, त्याच्या युद्धकार्याशी नव्हे.

मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्ट यांच्या नीतिमयूख (सतरावे शतक) या ग्रंथात कोपऱ्यात हत्ती, त्याशेजारी घोडा आणि राजा व मंत्री यांच्यालगत उंट अशी मांडणी आढळते. मराठीतही तीच रूढ आहे. रथाची जागा हत्तीने व हत्तीची उंटाने घेतली. शिवकालीन सैन्याची भिस्त मात्र बारगीर व शिलेदार यांचे घोडदळ, मावळ्यांचे पायदळ आणि गडकोट यांवर होती. गडकोटांना या पटावर मोहरे म्हणून स्थान नाही; यूरोपात ज्याला किल्ल्याचे रूप मिळाले, ते मोहरे मराठीत हत्तीच राहिले.

चालींच्या बाबतीत नेमके उलट घडले. जुना मंत्री तिरपे एकच घर जाई. त्याला आजचे सामर्थ्य पंधराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात लाभले. त्रिवेंगडाचार्यशास्त्री यांचा यूरोपीय पद्धतीस अनुसरून रचलेल्या डावांचा ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला. पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. ‘वजीर’ हे नाव मात्र कायम राहिले. त्यामुळे आजच्या वजिराच्या सामर्थ्यावरून पेशव्यांच्या अधिकाराविषयी अनुमान काढणे सदोष ठरेल.

प्राचीन रोमन युद्धांवरील आधुनिक खेळांनाही हीच कसोटी लागू पडते. रोम : टोटल वॉर (२००४) या संगणकीय खेळात ईजिप्तचे सैन्य फेअरोंच्या काळातील वेशात दिसते, प्रत्यक्षात रॅफियाच्या लढाईत (इ. स. पू. २१७) टॉलेमीच्या सैन्याचा गाभा मॅसिडोनियन धर्तीचे भालाईत व्यूह हा होता. असा दोष जाणकाराच्या चटकन लक्षात येतो. सूक्ष्म दोष नियमांत असतात. पॉलिबियसने वर्णिलेली रोमन सेना हस्ताती, प्रिंकिपेस व त्रिआरी अशा तीन फळ्यांत उभी राही. चिलखते अचूक दाखवूनही या फळ्यांच्या पाळीपाळीने होणाऱ्या उपयोगास वाव न देणारा, किंवा प्रत्येक तुकडीस अखेरच्या सैनिकापर्यंत लढविणारा खेळ इतिहासापासून अधिक दूर जातो. एस.पी.क्यू.आर. (१९९२) या पटखेळात मृतांच्या संख्येऐवजी तुकडीची एकसंधता किती ढळली, हे मोजले जाते.

सारांश, मोहऱ्याचे रूप हे इतिहासाचे दुबळे प्रमाण होय. त्या काळच्या सेनानीपुढे कोणते पर्याय होते व त्यांची कोणती किंमत त्याला मोजावी लागे, हे नियमांतून कितपत उमगते, यावरच युद्धखेळाची यथार्थता ठरते.