कार्ल्याच्या खांबांवरचे यवन : परक्या बाजारातील औपचारिक भाषा

१/ व्यवहारासाठी स्पॅनिश शिकणाऱ्याला सलगीचे 'तू' बाजूला ठेवून आदरार्थी 'उस्तेद' म्हणावे लागते. हा शब्द 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', या जुन्या संबोधनातून आला. परमुलखात पत मिळवायची तर तेथील रिवाजाची भाषा आधी अंगी बाणवावी लागते. लोणावळ्याजवळ याचा सुमारे २००० वर्षांपूर्वीचा पुरावा दगडात कोरलेला आहे.

२/ हे स्थळ म्हणजे मावळातील कार्ले, शिलालेखांतील 'वलुरक'. येथील चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख त्याला जंबुद्वीपातील सर्वोत्तम शैलगृह म्हणतो. आत दोन्ही बाजूंना १५-१५ सशीर्ष खांब आहेत आणि त्यांतील अनेकांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत आहेत.

३/ दाते येथेच का आले? सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून निघालेला माल बोरघाटाच्या परिसरातून घाटमाथ्यावर चढे आणि पुढे तेर, पैठणकडे जाई. लेणी याच व्यापारी वाटेवर होती. दान देणाऱ्याचे नाव येथे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेस पडत असे.

४/ समुद्रापलीकडून येणाऱ्यांना हा व्यापार सोपा नव्हता. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. हाच ग्रंथ नोंदवतो, की स्थानिक भाषेत 'दखनोस' म्हणजे दक्षिण. परका व्यापारी मालाच्या भावाबरोबर शब्दही टिपत होता.

५/ आता कार्ल्याचे खांब पाहा. 'धेनुकाकटाचा यवन सिहधय याचे स्तंभदान', 'धेनुकाकटाचा यवन यसवधन याचे स्तंभदान', असे लेख तेथे आहेत. भाषा प्राकृत आणि क्रम ठरलेला : आधी गाव, मग समाज, मग नाव, शेवटी 'थंभो दानं'. धेनुकाकट नेमके कोठे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

६/ याच धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचा आणि सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा लेख चैत्यगृहाच्या दाराशी आहे. त्यांतही आधी गाव, मग धंदा, मग नाव. सुताराच्या लेखात 'वढकि' जेथे येते, तेथेच सिहधयाच्या लेखात 'यवन' येते. परकेपण लपवलेले नाही. त्याला रिवाजाच्या वाक्यात जागा मिळाली आहे.

७/ नावेही बोलकी आहेत. सिहधय म्हणजे सिंहध्वज, यसवधन म्हणजे यशोवर्धन. यवन म्हणवणाऱ्यांनी भारतीय नावे धारण केली होती. जुन्नरला मात्र इरिल नावाचा यवन भेटतो. नाव परके, पण पाण्याच्या दोन टाक्यांचे दान नोंदवताना त्याचा लेखही 'देयधम' हा रूढ शब्दच वापरतो.

८/ राज्यकर्तेही याला अपवाद नव्हते. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलुरकच्या भिक्षूंना करजिक गाव दिले; तो लेखही येथलीच भाषा बोलतो. पुढे सातवाहनांच्या काळात मामाल येथील अमात्याला याच गावाविषयी आज्ञा गेली. अभ्यासक मामाल म्हणजेच मावळ मानतात. सत्ता बदलली, पण दानाची भाषा बदलली नाही.

९/ अक्षरे कोरणारा हात बहुधा स्थानिक कारागिराचा असेल. यवन प्राकृत किती सफाईने बोलत, हे खांब सांगत नाहीत. ते एवढेच सांगतात, की आपली ओळख येथल्या शब्दांत आणि येथल्या क्रमाने नोंदली जावी, हे या दात्यांना मान्य होते. म्हणूनच त्यांची नावे सुतार आणि श्रेष्ठींच्या नावांसोबत एकाच छताखाली आजही वाचता येतात.